सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा ड्रायर सुरू होत नाही : मोटर जळाली असे ठरवण्यापूर्वी

आपल्याकडे ‘ड्रायर’ म्हटले की बहुतेक घरांत सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीनचा लहान टब अभिप्रेत असतो, ज्यात धुतलेले कपडे गरगर फिरून पिळून निघतात. हा लेख त्याच ड्रायरविषयी आहे. गरम हवेवर कपडे वाळवणाऱ्या टंबल ड्रायरची रचना वेगळी असते आणि पुढचे सगळे त्याला जसेच्या तसे लागू पडणार नाही. गेली अनेक वर्षे मी कोकणात ही मशीन दुरुस्त करतो आहे. आषाढ-श्रावणात दोरीवरचे कपडे तीन-तीन दिवस दमट राहतात, त्या दिवसांत तर आठवड्यातून एकदा तरी ठरलेला निरोप येतो, की ड्रायर चालू होत नाही, मोटर जळाली असावी. प्रत्यक्षात मोटर क्वचितच जळालेली असते. बहुतेक वेळा दोष झाकणाखालच्या स्विचमध्ये, टबाखाली अडकलेल्या कपड्यात किंवा मोटरला सुरू होण्यास मदत करणाऱ्या कपॅसिटरमध्ये सापडतो, आणि यांतला एकही दोष नवी मोटर घेण्याइतका महाग नसतो.

लक्षणे : आधी कान द्या

मशीन उघडण्यापूर्वी ड्रायर रिकामा करावा, झाकण नीट लावावे, टायमर दोन मिनिटांवर फिरवावा आणि शांतपणे ऐकावे. या एका कृतीतून निम्मे निदान होते.

ड्रायर पूर्ण गप्प असेल, म्हणजे टायमरची टिकटिक ऐकू येते पण मोटरचा कसलाच आवाज नाही, तर मोटरपर्यंत वीज पोहोचत नाही. अशा वेळी प्लग, वायर, टायमर आणि झाकणाचा स्विच यांच्याकडे पाहायचे असते. मोटर ‘घूंऽऽ’ असा दबका आवाज करीत असेल आणि टब जागेवरच थरथरत असेल, तर वीज पोहोचते आहे, पण मोटरला उचल मिळत नाही. याची कारणे म्हणजे टबात अडकलेले काही, साचलेले पाणी, झाकण लावल्यावरही न सुटलेला टबाचा ब्रेक, कमी व्होल्टेज किंवा उतरलेला कपॅसिटर. मोटर मोकळी फिरल्याचा सरळ आवाज येतो आणि टब मात्र स्थिर राहतो, तेव्हा टब आणि मोटर यांना जोडणारा बोल्ट सैल झालेला असतो. चौथा प्रकार सर्वांत त्रासदायक असतो. ड्रायर कधी चालतो, कधी चालत नाही, झाकण दाबले की सुरू होतो, पुन्हा बंद पडतो. हा बहुतेक वेळा झाकणाच्या स्विचचा दोष असतो.

याखेरीज एक लक्षण असे आहे की ते दिसताच पुढचा लेख बाजूला ठेवावा. ड्रायर सुरू करताच घरातला आरसीसीबी (विजेची गळती होताच वीज तोडणारा खटका) पडत असेल किंवा मशीनच्या अंगाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर प्लग काढावा आणि जाणकार माणसाला बोलवावे.

टिकटिकीविषयी एक गैरसमज इतका पसरलेला आहे की तो येथेच दूर करतो. “टायमर चालतो, म्हणजे वीज आहे” असे जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. या मशीनमधला ड्रायरचा टायमर साधारण पाच मिनिटांचा असतो आणि तो घड्याळाप्रमाणे स्प्रिंगच्या चावीवर चालतो. प्लग भिंतीपासून काढून ठेवला तरी तो टिकटिकत शून्यावर येतो. टिकटिक ऐकू आली तर स्प्रिंग आणि दात्यांची चाके शाबूत आहेत, एवढेच कळते.

फुकटच्या तपासण्या

सर्वप्रथम कपडे धुण्याची बाजू एक मिनिट चालवून पाहावी. धुण्याची आणि पिळण्याची मोटर वेगवेगळी असते, पण दोघींना वीज एकाच प्लगमधून आणि एकाच वायरमधून मिळते. धुण्याची बाजू नीट चालली, तर बोर्ड, प्लग आणि मुख्य वायर यांना दोष देण्याचे कारण उरत नाही आणि निम्मी शोधाशोध वाचते. दोन्ही बाजू गप्प असतील, तर त्याच सॉकेटात इस्त्री किंवा मिक्सर लावून पाहावा. येथे टेस्टरवर विसंबू नये. फेजमध्ये टेस्टर पेटला म्हणजे फेज आली एवढेच समजते. न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी वायर, तुटलेली असली तरीही टेस्टर तसाच पेटतो आणि माणूस तासभर भलतीकडे शोधत बसतो. एक्स्टेंशन बोर्ड मध्ये असेल, तर तो काढून मशीन थेट भिंतीवरच्या सॉकेटात लावावे, कारण सैल पिनांच्या बोर्डावर दिवा पेटतो, पण मोटरला सुरू होताना लागणारा जास्तीचा करंट मिळत नाही.

दोन्ही बाजू घूं घूं करीत असतील, तर व्होल्टेजचा विचार करावा. घरातली वीज २३० व्होल्टची धरलेली असते आणि मोटरची उचल व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे व्होल्टेज १८० वर आले की उचल निम्म्याच्या थोडी वर, सुमारे साठ टक्के, एवढीच उरते. पंखा थोडा मंद होतो इतकेच आपल्या लक्षात येते, पण ओल्या चादरीने भरलेला टब मात्र जागचा हलत नाही. ज्या गावांत संध्याकाळी दिवे मंद होतात, तेथे हाच ड्रायर रात्री उशिरा किंवा पहाटे विनातक्रार चालतो का, ते पाहावे. चालत असेल, तर मशीन उघडण्याची गरज नाही. घूं घूं करणारा ड्रायर हट्टाने चालू ठेवू नये. थांबलेल्या मोटरमधून नेहमीपेक्षा कितीतरी जास्त करंट वाहतो आणि चांगली मोटर खरोखर जळते ती अशाच वेळी. पाच-सहा सेकंदांत टब फिरला नाही, तर टायमर शून्यावर आणावा.

त्यानंतर टबातले कपडे पाहावेत. एकच जड चादर किंवा जीन्स एका बाजूला कोंबलेली असेल, तर टब कलंडतो, बाहेरच्या भांड्याला घासतो आणि अडतो. कपडे गोलाकार, सारखे दाबून बसवावेत आणि वर जाळीची प्लास्टिकची ताटली ठेवावी. ती हरवली म्हणून अनेक घरांत ड्रायर तसाच चालवतात. फिरताना वर आलेले लहान कपडे टबाच्या काठावरून बाहेर पडतात आणि खाली जातात, ते याच कारणाने.

मोटर नुकतीच बराच वेळ चालली असेल, आणि मग ड्रायर एकाएकी गप्प झाला असेल, तर प्लग काढून तासभर थांबावे. अनेक मोटरींच्या आतल्या तारेच्या गुंडाळीत उष्णतेने उघडणारा आणि थंड झाल्यावर पुन्हा जुळणारा सुरक्षा-खटका असतो. तासाभराने ड्रायर आपोआप सुरू झाला, तर मोटर का तापली याचे कारण पुढच्या तपासण्यांत शोधायचे.

टबाखाली काय आहे

येथून पुढे मशीनच्या आत हात किंवा अवजार घालताना प्रत्येक वेळी प्लग भिंतीपासून काढलेला असला पाहिजे. बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण जुन्या घरांत फेज-न्यूट्रल उलट जोडलेले आढळते आणि बटण बंद असतानाही आत फेज राहते.

झाकण उघडून टब हाताने फिरवून पाहिला की तो जड लागतो, आणि बरेच जण तेथेच ‘टब जाम झाला’ असा निष्कर्ष काढतात. झाकण उघडे असताना ब्रेक लागलेला असतो, त्यामुळे टब जड लागणे हे ब्रेक ठीक असल्याचे लक्षण आहे. पाहायचे ते असे, की टब थोडा इकडेतिकडे झुलतो का, काठावर सगळीकडे सारखी फट आहे का, आणि फिरवताना एखाद्या ठिकाणी कापड घासल्यासारखा मऊ अडथळा लागतो का. मोबाइलचा दिवा फटीतून खाली सोडला, तर टबाच्या बुडाशी अडकलेले कापड बहुधा दिसते.

मागच्या श्रावणात एका घरी टब तसूभरही हलत नव्हता आणि घरच्यांनी नव्या मोटरचा भाव काढून ठेवला होता. जाड तारेचे टोक आकड्यासारखे वाकवून मी फटीतून खाली सोडले आणि हळूहळू ओढत गेलो. आधी एक काळपट, साबणाच्या थराने माखलेली नाडी वर आली आणि तिच्यामागून बाळाचे एक टोपडे. ते टबाला फिरवणाऱ्या दांड्याभोवती तीन वेढे घालून इतके घट्ट बसले होते की नाडी कापल्याशिवाय सुटले नाही. धुतल्यावर त्याचा मूळचा पिवळा रंग दिसला, तेव्हा घरातल्या आजींनी ते ओळखले. ज्या नातवाचे ते होते, तो एव्हाना शाळेत जात होता. दोन-तीन वर्षे ते टोपडे खाली पडून राहिले आणि शेवटी एक दिवस दांड्यात गुरफटले.

तार वापरताना एक काळजी घ्यावी. टबाच्या बुडाशी रबराचे घडीचे सील असते, जे वरचे पाणी खाली मोटरवर पडू देत नाही. तारेचे टोक त्यात घुसले, तर आज ड्रायर चालेल, पण थेंब थेंब पाणी मोटरच्या बेअरिंगमध्ये उतरत राहील आणि काही महिन्यांत खरोखरच मोटर बदलावी लागेल. दोन-चार प्रयत्नांत कापड निघाले नाही, तर टब वर काढावा लागतो, आणि ते काम मेकॅनिककडे सोपवावे.

तेथेच साचलेले पाणीही पाहून घ्यावे. दोन्ही टबांचे पाणी एकाच नळीतून बाहेर जाते. नळी मोरीच्या कट्ट्यावर उंच ठेवलेली असेल, तिला पिळ पडला असेल किंवा तोंडाशी धाग्यांचा गोळा बसला असेल, तर धुण्याच्या टबातले पाणी मागे फिरून ड्रायरच्या भांड्यात चढते. पाण्यात बुडालेला टब फिरवणे हे या लहान मोटरच्या आवाक्याबाहेरचे काम आहे. नळी जमिनीवर सरळ सोडून भांडे रिकामे होऊ द्यावे आणि मगच पुन्हा पाहावे.

झाकणाचा स्विच

गप्प ड्रायरच्या बाबतीत मला सर्वांत जास्त वेळा सापडलेला दोष हाच, म्हणून त्यावर जरा सविस्तर लिहितो.

ड्रायरच्या झाकणाला मागच्या बाजूला प्लास्टिकची एक जीभ असते. झाकण लागले की ती आतल्या पट्टीला ढकलते, पितळेचे दोन पातळ संपर्क जुळतात आणि मोटरचा मार्ग पूर्ण होतो. ही जीभ झिजते, तडकते किंवा बिजागरी सैल झाल्याने पुरेशी खाली येत नाही. तपासणी सोपी आहे. ड्रायर रिकामा ठेवून, प्लग लावून टायमर फिरवावा, झाकण पूर्ण बंद करावे आणि बिजागरीजवळचा मागचा कोपरा वरून तळहाताने दाबावा. दाबल्यावर मोटर सुरू झाली आणि हात काढताच बंद पडली, तर दोष झाकणात किंवा त्या स्विचात आहे. यासाठी मशीन उघडावेही लागत नाही.

जीभ तुटली असेल, तर झाकणच बदलावे. जीभ ठीक असेल, तर प्लग काढून वरचे पॅनेल उघडावे. त्याचे स्क्रू बहुधा मागच्या बाजूला असतात. वायर हलवण्यापूर्वी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढून ठेवावेत, कारण वायरींचे रंग प्रत्येक कंपनीत वेगळे असतात आणि आठवणीवर विसंबून केलेली जोडणी चुकते. समुद्राजवळच्या घरांत पितळी संपर्कांवर हिरवट कळंक चढलेला दिसतो. बारीक पॉलिश पेपर दोन संपर्कांमध्ये धरून हळूच दोन-तीनदा ओढला तरी तो निघतो. पट्टी वाकली असेल, तर चिमट्याने अगदी थोडी सरळ करावी. मल्टिमीटर असेल, तर प्लग काढलेलाच ठेवून, झाकण लावून दोन्ही टोकांमध्ये सातत्य, म्हणजे मार्ग सलग जुळतो का, ते तपासावे. झाकण बंद असताना बझर वाजला पाहिजे आणि उघडताच थांबला पाहिजे. संपर्क जळून खड्डे पडले असतील, तर घासत बसू नये, नवा स्विच घालावा.

आता जे लिहितो ते कृपया गांभीर्याने घ्यावे. या स्विचच्या दोन वायरी एकत्र पिळून, त्यावर टेप गुंडाळून ‘दुरुस्ती’ केलेली मशीन मी अनेकदा पाहिली आहेत. एका घरी मी पॅनेल उघडले आणि असा टेपचा गोळा दिसला, तेव्हा घरच्या काकू म्हणाल्या, “झाकण उघडलं तरी तो फिरतच असतो, पण आम्ही जपून वागतो हो.” त्यांची लहान नात मशीनच्या शेजारी पाटावर बसून खेळत होती. ड्रायरचा टब मिनिटाला सुमारे १३०० ते १४०० फेरे घेतो. साधारण पाव मीटर व्यासाच्या टबाचा काठ त्या गतीला ताशी साठ किलोमीटरच्या आसपास धावत असतो आणि कपड्याच्या टोकात अडकलेला हात सोडवायला वेळच मिळत नाही. मी ती जोडणी सोडवली आणि नवा स्विच बसवल्यावरच मशीन त्यांच्या हवाली केले.

या जोडणीने मशीनचेही नुकसान होते. झाकण उघडले की ब्रेक वेगळ्या वायरने (सायकलच्या ब्रेकसारख्या ओढणाऱ्या, विजेच्या नव्हे) आपोआप लागतो, पण स्विच जोडून टाकलेला असल्याने मोटरला वीज मिळतच राहते. ब्रेक धरून ठेवतो, मोटर ओढत राहते, त्यात ब्रेकचे लायनर (चकतीवर घासणारा थर) जळते आणि पाठोपाठ मोटर. स्विच आज मिळाला नाही, तर चार दिवस कपडे हाताने पिळावेत.

टायमर

झाकणाचा स्विच ठीक निघाला आणि ड्रायर तरीही गप्प असेल, तर टायमर पाहावा. आधी नॉब ओढून काढावा. नॉबच्या आतली प्लास्टिकची खाच तडकलेली असेल, तर नॉब फिरतो पण आतला दांडा फिरत नाही, आणि मग टिकटिकही ऐकू येत नाही. किरकोळ किमतीचा नॉब बदलला की काम होते. दांडा फिरतो, टिकटिक होते, तरी वीज पुढे जात नाही, असे असेल तर आतले संपर्क जळालेले असतात. प्लग काढून, टायमरच्या दोन्ही वायरी सुट्या करून, तो दोन मिनिटांवर फिरवून मल्टिमीटरने सातत्य पाहावे. टायमर उघडून दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नये, कारण आतली स्प्रिंग एकदा सुटली की ती पुन्हा बसत नाही. नवा टायमर दोन-चारशे रुपयांत मिळतो. घेताना जुना सोबत न्यावा, दांड्याचा आकार आणि टोकांची संख्या जुळली पाहिजे. टायमर उलटा फिरवून लवकर बंद करण्याची सवय बऱ्याच घरांत असते. त्यानेच तो अकाली जातो.

मागचे झाकण उघडल्यावर : उंदीर, ब्रेक, बोल्ट

ज्यांना स्क्रूड्रायव्हर आणि पाना हाताळण्याची सवय आहे, त्यांनीच पुढे जावे. मागचे पत्र्याचे किंवा प्लास्टिकचे झाकण काढल्यावर सर्वप्रथम उंदराने कुरतडलेल्या वायरी शोधाव्यात. बऱ्याच मशीनचे बूड खालून उघडे असते, आतली जागा उबदार असते, आणि पावसाळ्यात उंदीर तेथे घर करतात. कुरतडलेली वायर नुसती पिळून टेप लावू नये. येथे पाणी आणि थरथर दोन्ही असतात. वायरचा तो तुकडाच बदलावा, जोड डाखून त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवावी आणि नंतर बुडाला जाळी लावावी. जाळीऐवजी पुठ्ठा किंवा प्लास्टिक लावले, तर मोटरची हवा कोंडते.

ब्रेक तपासताना दुसऱ्या माणसाची मदत घ्यावी. प्लग काढलेला असताना एकाने झाकण उघडझाप करावी आणि दुसऱ्याने मागून मोटरच्या वरच्या चकतीला लागणाऱ्या ब्रेकच्या पट्टीकडे पाहावे. झाकण लागताच पट्टी चकतीपासून स्पष्ट दूर झाली पाहिजे आणि चकती बोटाने अलगद फिरली पाहिजे. पट्टी घासतच राहिली, तर ब्रेकची वायर सैल झाली आहे किंवा आवरणात गंजून अडकली आहे. घूं आवाजासोबत जळक्या रबरासारखा वास येत असेल, तर मी आधी इथेच पाहतो. वायर ताणायची असेल, तर थोडी-थोडीच ताणावी. ती फार ताणली की झाकण उघडल्यावर ब्रेक लागतच नाही.

मोकळ्या आवाजाचा आणि स्थिर टबाचा दोषही येथेच सापडतो. टबाचा दांडा मोटरच्या वरच्या चकतीत उतरतो आणि बोल्ट व त्यावरचा लॉक नट त्याला धरून ठेवतात. लॉक नट सैल करून, बोल्ट दांड्याच्या खाचेत बरोबर बसवून घट्ट करावा आणि मग लॉक नट आवळावा. नुसता बोल्ट आवळला, तर महिन्याभरात तो पुन्हा सैल होतो.

कपॅसिटर

चकती हाताने मोकळी फिरते, व्होल्टेज ठीक आहे, पाणी साचलेले नाही, तरी मोटर फक्त घूं करते, असे असेल तर बहुतेक वेळा कपॅसिटर उतरलेला असतो. कोकणात अजूनही अनेक जण त्याला कंडेन्सरच म्हणतात. या मोटरला सुरू होण्यासाठी दुसऱ्या गुंडाळीतून थोडा पुढे सरकलेला करंट लागतो आणि तो कपॅसिटर देतो. तो गेला की मोटरला फिरण्याची दिशाच मिळत नाही, म्हणून ती जागेवर गुरगुरत राहते.

बऱ्याच मशीनमध्ये एकाच डबीत दोन कपॅसिटर असतात, मोठ्या आकड्याचा धुण्याच्या मोटरसाठी आणि लहान आकड्याचा ड्रायरसाठी. डबीवर १० + ५ मायक्रोफॅरड, ४४० व्होल्ट असे काहीसे छापलेले असते. त्यामुळे धुण्याची बाजू व्यवस्थित चालत असतानाही ड्रायरचा भाग उतरलेला असू शकतो.

हात लावण्यापूर्वी कपॅसिटरमधला साठा काढावा. मोटर शाबूत असेल, तर वीज बंद होताच हा साठा गुंडाळीतून निघून जातो. पण गुंडाळी तुटलेली असेल, तर तो आतच राहतो, आणि आपण कपॅसिटर तपासतो तो नेमक्या अशाच बिघाडाच्या वेळी. दोन इन्सुलेटेड वायरी लावलेला १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर काही सेकंद दोन टोकांना धरावा. डबीत दोन कपॅसिटर असतील, तर दोन्हींसाठी हे करावे. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडण्याची पद्धत सर्रास दिसते, पण तिने टोके जळतात आणि हाताला इजा होते. हे करण्याचा आत्मविश्वास नसेल, तर येथेच थांबावे.

डबी फुगलेली, तडकलेली किंवा तेलकट दिसत असेल, तर तपासणीची गरज नाही, ती बदलावी. दिसायला चांगली असेल, तर टोके सुटी करून मायक्रोफॅरड मोजणाऱ्या मल्टिमीटरवर लावावी. आकडा छापील आकड्यापेक्षा दहा टक्क्यांहून कमी भरला, तर कपॅसिटर गेला असे समजावे. नवा घेताना मायक्रोफॅरड तेवढाच आणि व्होल्टेज तेवढे किंवा त्याहून जास्त असावे. घरात पडलेला पंख्याचा कपॅसिटर लावून पाहण्याचा मोह होतो, पण तो साधारण २.५ किंवा ३.१५ मायक्रोफॅरडचा असतो आणि ओल्या कपड्यांच्या टबाला त्याची उचल पुरत नाही. उलट मोठ्या आकड्याचा लावला, तर ड्रायर जोरात सुरू होतो आणि गुंडाळी तापून काही दिवसांत मोटरच जाते.

काही मेकॅनिक झाकण उघडे ठेवून, स्विच दाबून धरून टबाला हाताने झटका देतात आणि टब फिरू लागला की कपॅसिटर गेला असे ठरवतात. निदान बरोबर निघते, पण हे घरी मुळीच करू नये.

मोटर, आणि कुठे थांबावे

एवढे सगळे ठीक निघाले, तरच मोटरवर संशय घ्यावा. मोटरमधून तीन वायरी निघतात. कपॅसिटर सुटा करून त्यांच्यातला रोध दोन-दोन वायरी घेऊन तीन वेळा मोजावा. मोटर चांगली असेल, तर सर्वांत मोठा आकडा उरलेल्या दोन आकड्यांच्या बेरजेएवढा भरतो. एखाद्या जोडीत मीटर काहीच दाखवत नसेल, तर गुंडाळी किंवा आतला सुरक्षा-खटका तुटला आहे. कोणतीही वायर आणि मोटरचा लोखंडी सांगाडा यांच्यात मीटरने सातत्य दाखवले, तर विजेची गळती आहे आणि ते मशीन पुन्हा प्लगला लावू नये.

मोटर बदलणे, गंजून चकतीत बसलेला दांडा सोडवणे, रबरी सील बदलण्यासाठी टब वर काढणे ही कामे मेकॅनिकचीच आहेत. दांडा हातोडीने ठोकून काढला, तर तो किंचित वाकतो आणि मग ड्रायर आयुष्यभर थडथडत राहतो. मशीन वॉरंटीत असेल, तर मागचा एकही स्क्रू न उघडता कंपनीच्या सेवा केंद्राला कळवावे. आरसीसीबी पडणे, अंगाला झटका बसणे, धूर किंवा गुंडाळी जळाल्याचा उग्र वास येणे, यांपैकी काहीही घडले तर स्वतः प्रयोग करू नयेत. घरात अर्थिंग नसेल, तर मशीनआधी इलेक्ट्रिशियनकडून ते करून घ्यावे.

पुरात बुडालेल्या मशीनचा नियम याहून कडक आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ च्या जुलैमध्ये चिपळूणात घरांत पाणी शिरले, तेव्हा चिखलात बुडालेली मशीन बाहेरून धुऊन, दोन दिवस उन्हात ठेवून सुरू करण्याकडे लोकांचा कल होता. बाहेरून कोरड्या दिसणाऱ्या मोटरच्या गुंडाळीत गाळ आणि ओल आठवडेच्या आठवडे टिकते. असे मशीन जाणकाराने पूर्ण उघडून, सुकवून आणि गळती मोजून दिल्याशिवाय प्लगला लावू नये.

मेकॅनिकला फोन करताना ‘ड्रायर बिघडला’ एवढेच सांगू नये. आवाज येतो की नाही, धुण्याची बाजू चालते का, झाकण दाबल्यावर काही फरक पडतो का आणि कपॅसिटरच्या डबीवर कोणता आकडा छापलेला आहे, हे सांगितले तर तो योग्य सुटा भाग घेऊन येतो आणि दुसरी खेप वाचते.

दुरुस्ती झाल्यावर ड्रायर आधी एक मिनिट रिकामा चालवावा, मग दोन-तीन ओले टॉवेल सारखे बसवून पुन्हा चालवावा. टब पूर्ण वेगात आल्यावर झाकण उघडावे आणि हात दूर ठेवून सेकंद मोजावेत. मोटरचा आवाज त्याच क्षणी बंद झाला पाहिजे आणि टब १५ सेकंदांच्या आत पूर्ण थांबला पाहिजे. तो त्यानंतरही फिरत असेल, तर ब्रेकची वायर पुन्हा जुळवून घेईपर्यंत ड्रायर वापरू नये.